पाद्रीबाबने राजकारण करू नये म्हणे!

आज मडगावात चर्चमध्ये मिस्साला गेले होते, कोंकणी प्रवचन आम्हा वसईकरांना जरा सावकाशच उतरतं, पण पाद्रीबाब डोंगरकापणीवर बोलले, पोप फ्रान्सिसचं २०१५चं पर्यावरणावरचं पत्र, लाउदातो सी, काढलं, पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश दोन्ही ऐका वगैरे. एकदम पटलं मला. बाहेर पार्किंगमध्ये शेजारचे अंकल सुरू, चर्चने राजकारणात पडू नये!! अहो अंकल, काल तियात्रात, म्हणजे आपल्या कोंकणी नाटकात, मंत्र्यांची टर उडवणाऱ्या कांताराला (गाण्याला) वन्स मोअर कोण ओरडत होतं? आणि रोज संध्याकाळी जिची रोझरी करता त्या मरियामाईचं गाणं वाचा की एकदा, बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय, सत्तेवाल्यांना गादीवरून खाली ओढलं, भुकेल्यांना पोटभर दिलं, श्रीमंतांना रिकाम्या हाताने पाठवलं. यात राजकारण नाही तर काय आहे? "तुम्ही वसईवाले फार वाचता" म्हणाले आणि स्कूटर सुरू केली 😄