माळकरी काकांचं लिव्हर

"मॅडम, मी माळकरी आहे." एमआरआयच्या संमतीपत्रावर सही करताना काकांनी हे दोनदा सांगितलं. एकदा मला, म्हणजे रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टला, एकदा आमच्या टेक्निशियनला. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड २' छापून आल्यापासून भावकीतले लोक गालातल्या गालात हसत होते म्हणे. दारूचा थेंब नाही, अंडंसुद्धा नाही. पण १८ वर्षांचा मधुमेह आणि पोटाचा चांगला घेर. (या आजाराच्या नावातला 'नॉन-अल्कोहोलिक' हा शब्द २०२३ साली काढला आणि त्याची सांगड थेट चयापचयाशी घातली. काकांना हे सांगायला हवं होतं, राहून गेलं.)

सोनोग्राफीत पित्ताशयाजवळ एक काळपट भाग दिसला होता. 'बहुधा फोकल फॅटी स्पेअरिंग', म्हणजे सगळ्या लिव्हरमध्ये चरबी साठली आणि तेवढा तुकडा सुटला. जागा अगदी त्याचीच, त्यामुळे असं लिहिणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. शिवाय चरबीच्या लिव्हरमध्ये सोनोग्राफीच्या लहरी विरत जातात, खोलवरचं सगळं धुक्यात. फक्त हा भाग जरा जास्तच गोल होता, म्हणून त्यांच्या फिजिशियननी पुढे पाठवलं.

लिव्हरचा एमआरआय म्हणजे निम्मा खेळ श्वासाचा. १५ ते २० सेकंद दम धरायचा, तोही पुनःपुन्हा. दम सुटला की चित्र हललं. काका चाळीस वर्षं भजनात चाल धरणारे, त्यांनी एकदाही सोडला नाही. इतकी स्वच्छ चित्रं आठवड्यातून एखाद्याच पेशंटची मिळतात.

आधी इन-फेज, आउट-ऑफ-फेज, ही चरबी ओळखायची चित्रांची जोडी. पाण्यातले आणि चरबीतले हायड्रोजन किंचित वेगळ्या गतीने फिरतात. आमच्या १.५ टेस्लाच्या मशीनवर साधारण २.३ मिलिसेकंदांना ते एकमेकांविरुद्ध असतात, ४.६ ला पुन्हा एकत्र येतात. विरुद्ध असताना जिथे पाणी आणि चरबी मिसळलेली, तिथला सिग्नल खाल्ला जातो. काकांचं अख्खं लिव्हर काळवंडलं आणि तो गोल तेवढा उजळ राहिला. पण चरबी नसलेला निरोगी तुकडाही असाच दिसतो आणि चरबी नसलेली गाठही. इथे निकाल लागत नाही. डिफ्यूजनवर, म्हणजे पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या चित्रांवर, मात्र तो भाग चमकला, आणि सुटलेला तुकडा सहसा असा चमकत नाही. मी खुर्चीत सरसावून बसले.

मग कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून दिलेलं, चित्रात उजळ दिसणारं औषध. निरोगी लिव्हरला सुमारे पाऊण रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून येतं, कॅन्सरची गाठ मात्र धमनीवर जगते. म्हणून इंजेक्शननंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास, धमनीच्या फेजमध्ये, ती आजूबाजूपेक्षा आधी उजळते आणि पुढच्या मिनिटांत फिकी पडते. त्याला आम्ही वॉशआउट म्हणतो. ही जोडी दिसली तर सिरोसिसच्या (लिव्हर व्रणांनी निबर झालेल्या) पेशंटमध्ये बायोप्सीची सुईसुद्धा न लावता कॅन्सरचं निदान करता येतं.

आणि इथेच चरबी फसवते. ही चित्रं चरबीचा सिग्नल दाबून काढतात, त्यामुळे चरबीचं लिव्हर मुळातच काळं पडतं. काकांची गाठ कॉन्ट्रास्टच्या आधीपासूनच उजळ दिसत होती. मग धमनीच्या फेजमध्ये ती खरंच उजळली, की होती तशीच? तीन मिनिटांनी ती लिव्हरच्या बरोबरीची दिसली, जास्त काळी नाही. मी 'वॉशआउट नाही' असं टाइप केलंसुद्धा.

चहा पिऊन आले आणि कॉन्ट्रास्टच्या आधीचं चित्र शेजारी लावलं. सुरुवातीला लिव्हरच्या वर असलेली गाठ शेवटी त्याच्या बरोबरीला आली होती. म्हणजे लिव्हरने कॉन्ट्रास्ट धरून ठेवला, तिने सोडला. टेक्निशियनकडून वजाबाकीची चित्रं काढून घेतली, आधीचं चित्र नंतरच्यातून वजा केलेली. धमनीच्या फेजमध्ये ती दिव्यासारखी पेटलेली होती. २.४ सेंटीमीटर.

तरीही 'कॅन्सर' असा शिक्का मी मारला नाही. लिव्हरच्या गाठींचा रिपोर्ट लिहायची लाय-रॅड्स ही जी नियमावली आम्ही वापरतो, ती सिरोसिस किंवा जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठी आहे. काकांना दोन्ही नव्हतं. फॅटी लिव्हरमध्ये सिरोसिस न होताही हा कॅन्सर उगवतो, आणि सिरोसिस नसलेल्या लिव्हरमध्ये ॲडिनोमासारख्या (कॅन्सर नसलेल्या) दुसऱ्या गाठीही असाच उजेड पाडतात. रिपोर्टमध्ये संशय स्पष्ट लिहिला आणि बायोप्सी सुचवली. मुलगा वैतागला. "एवढं महागडं मशीन, तरी सुई लागतेच?" एएफपी ही लिव्हरच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणीही नॉर्मल आली होती, मग कशाला टोचायचं, असा त्याचा मुद्दा. एएफपी नॉर्मल असून कॅन्सर असणारे पुष्कळ असतात, हे त्याला समजावण्यात माझा अर्धा तास गेला.

बायोप्सीत हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाच, म्हणजे लिव्हरच्या पेशींचाच कॅन्सर निघाला. लिव्हरचा बाकीचा भाग बरा असल्यामुळे सर्जननी तेवढा तुकडा काढला.

तेव्हापासून चरबीच्या लिव्हरची केस आली की वजाबाकीची चित्रं मी न मागता पाठवायची, असं टेक्निशियनला सांगून ठेवलंय. तो आता "काकांवाली" म्हणूनच पाठवतो.