तुम्ही विचारलेत म्हणून : चक्राची उचकी

अंधेरीच्या स्टुडिओत शिकाऊ म्हणून येणारी मुले असोत किंवा गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते, प्रश्न एकच असतो : ‘संगणकावर रेंडर करताना (म्हणजे अंतिम चित्रे काढून घेताना) अॅनिमेशन इतके सुरेख दिसते, मग त्याचे जीआयएफ (आपोआप फिरत राहणारे छोटे चलचित्र) केले की ते दाणेदार, जड आणि धक्के खाणारे का होते? तुम्ही कोणते कन्व्हर्टर वापरता?’ मी वापरतो ते एफएफएमपेग फुकट मिळते आणि त्यात गुपित असे काही नाही. जीआयएफ बिघडते ते बहुतेक वेळा रेंडरचे बटण दाबण्याआधीच, आणि हे मला स्वतःच्या फजितीतून कळले.

मंडळाच्या ई-मेल निमंत्रणासाठी मी ब्लेंडर या त्रिमितीय अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये गणपतीच्या मागे फिरणारे बारा आऱ्यांचे सोनेरी चक्र केले होते. बारा सेकंदांत एक फेरी, सेकंदाला 25 फ्रेम (सुटी स्थिर चित्रे), म्हणजे 300 फ्रेम. रुंदी अवघी 480 पिक्सेल, तरी फाइल 47 एमबीची झाली. मंडळातल्या एका मुलाने ती कशीबशी उघडली आणि म्हणाला, ‘‘दादा, चक्र दर फेरीला उचकी देतंय.’’

उचकीचे कारण शाळकरी होते. मी पहिल्या फ्रेमला शून्य अंश आणि तीनशेव्या फ्रेमला 360 अंश दिले होते. परंतु चक्राच्या दृष्टीने या दोन्ही स्थिती एकच असल्यामुळे तेच चित्र लागोपाठ दोनदा दिसत होते. सोमवार ते सोमवार मोजले तर आठ दिवस भरतात आणि आठवडा मात्र सातांचाच असतो (शब्दात आठ का शिरला, ते भाषेच्या जाणकारांना विचारावे), तसाच हा घोळ. शेवटची की (फ्रेमला नेमून दिलेली स्थिती) 301 व्या फ्रेमवर ठेवून रेंडर 300 वर थांबवायचे, एवढाच त्यावर उपाय. शिवाय ब्लेंडर दोन कींमधली गती आपणहून हळू सुरू करतो आणि हळू संपवतो. ती सरळ रेषेत, म्हणजे लिनिअर, केली नाही तर चक्र प्रत्येक फेरीला स्टॉपवर थांबणाऱ्या बेस्टच्या बससारखे मंदावते.

खरी गंमत पुढेच आहे. बाराही आरे हुबेहूब सारखे असतील, तर चक्र 30 अंश फिरले की ते पुन्हा पहिल्यासारखेच दिसते. मग पूर्ण फेरी रेंडर करायचीच कशाला? पहिली की शून्य अंशावर, दुसरी 26 व्या फ्रेमवर 30 अंशांची, आणि रेंडर फक्त 25 फ्रेमचे. पाहणाऱ्याला चक्र अखंड फिरताना दिसते. एका जरी आऱ्यावर फूल चिकटवले तरी ही युक्ती फसते, म्हणून फुले मी मागच्या स्थिर मखरावर नेली.

आता दाण्यांविषयी. जीआयएफ हा 1987 चा प्रकार आहे आणि त्याच्या एका फ्रेमच्या पॅलेटमध्ये जास्तीत जास्त 256 रंग मावतात. समईच्या उजेडाचा केशरीपासून काळोखापर्यंतचा उतार इतक्या थोड्या रंगांत बसवला की त्यात पट्टे पडतात, आणि पट्टे लपवायला ठिपके पेरावे लागतात, त्याला डिदरिंग म्हणतात. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची 1976 ची पद्धत प्रत्येक पिक्सेलची चूक शेजारच्या पिक्सेलांवर ढकलत जाते; एका चित्रात ती देखणी दिसते, पण फ्रेममध्ये जरासा बदल झाला की सगळे ठिपके जागा बदलतात आणि जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या येतात. बेयर पद्धतीचे ठिपके ठरलेल्या जाळीत बसतात. थोडे खडबडीत, पण जागचे हलत नाहीत. चलचित्राला मी हेच पसंत करतो, आणि त्याहीपेक्षा पसंत करतो ती सपाट गडद तांबडी पार्श्वभूमी, जिला ठिपक्यांची गरजच पडत नाही.

वजनाचे मूळही तिथेच आहे. जीआयएफमधले एलझेडडब्ल्यू संकोचन पुन्हापुन्हा येणारे नमुने ओळखून जागा वाचवते, आणि न बदललेला भाग पुढच्या फ्रेममध्ये लिहिण्याची गरज नसते. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनातून येणारा बारीक नॉइज, म्हणजे चित्रावरचे विखुरलेले कण, या दोन्ही सोयींवर पाणी फिरवतो. मी मखर एकदाच, स्थिर चित्र म्हणून रेंडर केले, चक्राचे 25 फ्रेम डीनॉइज करून पीएनजीमध्ये काढले आणि त्यावर बसवले. फाइल सव्वा एमबीच्या आत आली.

वेगाचा हिशेबही आधीच करावा. जीआयएफमध्ये फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत, पूर्णांकातच लिहिता येतो. त्यामुळे सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एका फ्रेमला बरोबर 4 भाग येतात, 30 असतील तर 3.33, म्हणून कुठे 3 तर कुठे 4 लिहून वेळ मारून न्यावी लागते. हावरटपणे 1 लिहिला तर आजचे ब्राउझर तो 10 धरतात आणि चक्र रांगू लागते.

अखंड आवर्तन तर मूळ प्रकारात नव्हतेच. ते नव्वदीच्या मध्यात नेटस्केप ब्राउझरने आणले. मंडळाच्या त्या निमंत्रणाची फाइल उघडून पाहिली, तर आतमध्ये ‘नेटस्केप 2.0’ हे नाव रोमन अक्षरांत अजूनही सापडते, आणि त्याच्या पाठोपाठ आवर्तनांचा आकडा : शून्य, म्हणजे थांबू नकोस.