वर्गणीची वही

बुधवार, 5 मार्च 2025

आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस. आमच्या ख्रिस्ती मंडळीची संध्याकाळची उपासना आटोपली आणि मागच्या खोलीत पंचकमिटी बसली. बैठक संपताना सेक्रेटरींनी एक गठ्ठा माझ्या हातात ठेवला. 64 घरांचे 64 कागद. वर ठळक अक्षरांत 'आत्मिक वाढ तक्ता', खाली सहा रकाने: उपासनेची हजेरी, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी), वर्गणी, कॉटेज प्रार्थना (एखाद्याच्या घरी जमून करायची), शास्त्रवाचन, सेवा. प्रत्येकापुढे अ, ब, क. झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे 13 एप्रिलपर्यंत, सगळे भरून द्यायचे.

"बाई, तुमचा जन्म शाळेत गेला. श्रेणी द्यायला तुमच्याइतकं कोण बसणार?"

त्यांच्या बोलण्यात काळजी होती आणि ती खरी आहे. दोन वर्षांत तीन तरुण घरं मंडळीतून निघून गेली आणि गेल्यावर आम्हाला पत्ता लागला. एकाही पंचाला सांगता आलं नाही की या माणसांचं आतून काय चाललं होतं. कागद त्या धसक्यातून आलाय, म्हणून मी नाही म्हटलं नाही.

पण घरी आल्यापासून मला एकच आठवतंय. 2010 पासून शाळेत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना फार चांगली होती. मुलाला नुसते गुण द्यायचे नाहीत, त्याच्याकडे बघायचं आणि दिसेल ते शब्दांत लिहायचं. वर्णनात्मक नोंदी. वर्षभरातच नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या आणि आम्ही त्यातून उतरवायला लागलो. मीही उतरवल्या. चौथीतल्या एका मुलापुढे मी 'वर्गात उत्साहाने सहभागी होतो' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, त्या महिन्यात ते पोरगं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं होतं. हजेरीत गैरहजर, नोंदीत उत्साही. कोणी विचारलं नाही, पण मला ते आजही बोचतं.

रविवार, 9 मार्च

कपाटातून जुनी वर्गणीची वही काढली. लाल कापडी पाठीची, कोपरे झिजलेले. 2002 ते 2021, एकोणीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शाळा सुटली की ही वही पिशवीत टाकून मी निघायची. कोणाचे वीस रुपये, कोणाचे पन्नास, एखाद्या घरी पैसे नसले तर शेरभर बाजरी. सुट्टे नाहीत म्हणून बसायचं, बसलं की चहा, चहाबरोबर घरातलं काही ना काही कानावर. कोणाचा मुलगा बोलत नाही, कोणाला रात्री झोप येत नाही, कोणी परवा पहिल्यांदा शेजारणीची क्षमा मागितली. उठताना छोटीशी प्रार्थना. मी याला कधी आत्मिक काम म्हटलं नाही, मी पैसे गोळा करत होते.

2021 मध्ये मंदिराच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, दाराशी, दानाच्या ताटाजवळ क्यूआर कोड लागला. वर्गणी वाढली, थकबाकी जवळजवळ संपली. खजिनदारांनी माझे आभार मानले आणि मी वही कपाटात ठेवली. मलाही बरंच वाटलं, गुडघे कुरकुरायला लागले होते. त्या दिवशी वहीबरोबर काय बंद झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही.

आज उपासनेनंतर पाळकसाहेबांना हे बोलले, तर त्यांनी मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची गोष्ट सांगितली. 1742 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला त्यांच्या सभागृहावर कर्ज होतं. ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची. पण गरिबांनी काय करायचं? एकजण उठून म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा माणसं माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. तसे बारा-बाराचे गट पडले. गटाचे पुढारी पेनी मागायला घरोघर जायला लागले आणि परत येऊन सांगायला लागले की अमक्याच्या घरात भांडण आहे, तमक्याचं वागणं बिघडलंय. वेस्लींनी तेव्हा ओळखलं की माणसांची काळजी घेण्याची जी रीत आपण शोधत होतो ती हीच. पुढे घरोघर फिरण्याऐवजी ते गट आठवड्यातून एकदा एकत्र बसायला लागले. मेथडिस्टांचे क्लास ते हेच.

म्हणजे तिथे पैशाच्या निमित्ताने उंबरठा सापडला आणि आमच्याकडे पैशाची सोय झाली तसा उंबरठा सुटला. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातून हे गेलं नाही.

बुधवार, 12 मार्च

आज नानींकडे गेले. (सगळे नानीच म्हणतात, मीही.) मळ्यात कांदाकाढणी चालू आहे. त्या ओट्यावर पोतं अंथरून बसल्या होत्या, हातात विळा, एकेका कांद्याची पात कापून बाजूला टाकत होत्या. हात चालू, तोंडाने टिळकांचं भजन. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना जाऊन शंभरावर वर्षं झाली. नानींना अक्षर ओळखीचं नाही, पण 'उपासना संगीत' या आमच्या भजनांच्या पुस्तकातली टिळकांची कितीतरी भजनं त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पाठ आहेत. तक्त्यात 'शास्त्रवाचन' लिहिलंय. तिथे मी काय भरू?

वर्षभर त्या मंदिरात आल्या नाहीत. पायऱ्या चढवत नाहीत. हजेरी क, कॉटेज प्रार्थना क, सेवा क.

आत सुनेने दूध तापत ठेवलं होतं. फोन आला, ती बोलत राहिली, दूध उतू गेलं. नुसतं उतू गेलं नाही, घाईत पातेलं उतरवताना अर्धंअधिक ओट्यावर सांडलं. मी आपोआप अंग चोरलं. कारण 2008 सालची या घरातली अशीच एक संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. तेव्हा पाव लिटर दुधासाठी नानींनी या सुनेच्या माहेरच्या सात पिढ्या काढल्या होत्या आणि मी वही उघडायचं धाडस न करता परत गेले होते.

नानी भिंतीला धरून उठल्या. त्या गुडघ्यांनी. आत जाऊन आधी सुनेचा हात उलटासुलटा करून पाहिला. "भाजलं का गं? पाण्याखाली धर आधी. दुधाचं काय, म्हस उद्या बी देईल."

परत येऊन बसल्या आणि पुढचा कांदा उचलला.

मी त्यांना तक्त्याचं सांगितलं. लोकांची वाढ बघायचं काम दिलंय म्हटलं. त्यांनी वाफ्याकडे बोट दाखवलं. अर्धा वाफा उभा होता, उरलेल्यात पाती आडव्या झालेल्या. "कांदा मातीत असतो बाई. रोज उकरून बघितला तर पोसंल का? मान पडली की समजायचं, खाली भरलाय."

शेतकरी माणसाला हे ठाऊकच असतं. निम्म्याहून जास्त माना पडल्या की काढणीला लागायचं. पण मी बसून राहिले. सतरा वर्षांपूर्वी याच ओट्यावर ताठ उभी असलेली मान मी पाहिली होती, म्हणूनच आज मला काहीतरी दिसलं. एका भेटीत कागद भरून निघाले असते तर नानी माझ्या हिशेबी क, क, क.

शनिवार, 22 मार्च

आजचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

पंधराव्या घराचा तक्ता बसल्या बसल्याच भरता आला असता. वर्गणी दर महिन्याच्या पाच तारखेला, दोनशे रुपये, एकदाही चुकलेली नाही. नवरा चाकणला कंपनीत, बायको-मुलं आणि म्हातारी आई इथे. खजिनदारांच्या यादीत 'नियमित'. मी सहज गेले, तर दार त्याच नवऱ्याने उघडलं. दाढी वाढलेली, भर दुपारी घरात. कंत्राट संपलं, नोव्हेंबरपासून काम नाही.

मी विचारलं, मग वर्गणी?

"उसने घेऊन टाकतो बाई. थकली की यादीतून नाव जातं. उद्या आईला काही झालं तर कब्रस्तानात जागा कुणाला मागू?"

तीन महिने बायको मंदिरात आली नव्हती. मुलांच्या कपड्यांची लाज वाटते म्हणाली. यातलं आम्हाला काही माहीत नव्हतं, कारण दर पाच तारखेला आमच्या फोनवर टिंग वाजत होतं आणि आम्ही समाधानी होतो.

चहा झाल्यावर त्याने जे विचारलं ते मला कुठल्याच रकान्यात बसवता येत नाही. "बाई, मी प्रार्थना बंद केलीय. वाटतं, त्याच्याकडं पण आपलं खातं थकलेलं असंल."

हे त्याला कोणी शिकवलं? प्रवचनातून नक्कीच नाही. आमचे पाळक दर रविवारी कृपेबद्दल बोलतात, फुकट मिळालेल्या कृपेबद्दल. पण मंडळी त्याच्या दारात कृपा घेऊन एकदाही गेली नाही. तिच्याकडून त्याच्यापर्यंत पोचली ती फक्त थकबाकीदारांची यादी, सूचनाफलकावर लावलेली. माणूस फळ्यावरचं वाचतो आणि देव तसाच असेल असं धरून चालतो. मीही ती यादी वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने लिहून दिलीय.

मी त्याला सांगितलं, पुढच्या महिन्यापासून एक रुपया टाकायचा नाही, नाव कुठे जात नाही, मी बघते. मग आम्ही चौघं आणि म्हातारी असे बसलो. प्रार्थना त्याला करायला लावली नाही, मी केली. त्याने शेवटी 'आमेन' म्हटलं की नाही, मला ऐकू आलं नाही.

रात्री पाळकसाहेबांना फोन केला. ते लगेच गाडी काढून गेले.

रविवार, 6 एप्रिल

बैठक लांबली. मी 64 पैकी 23 घरी जाऊन आले होते आणि एकही श्रेणी भरली नव्हती. कोरा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि तीन मागण्या केल्या. थकबाकीची यादी फलकावरून आजच काढायची. कब्रस्तानाचा आणि वर्गणीचा संबंध नाही हे उपासनेत जाहीर करायचं. आणि 64 घरं आठ माणसांत वाटायची, प्रत्येकी आठ, महिन्यातून एकदा जायचं, हात रिकामे ठेवून.

पहिली मागणी लगेच मान्य झाली, दुसरीवर बराच खल झाला आणि तीही मान्य झाली. तिसरीवर एक वडील पंच उठले. त्यांचा मुद्दा मला आवडला नाही, पण तो चुकीचा नव्हता. म्हणाले, "घराघरांत फिरायचं आणि आल्यावर एकमेकांत बोलायचं, याला गावात चुगली म्हणतात." आमच्याकडे हे झालेलं आहे. एका मुलीच्या बाबतीत कॉटेज प्रार्थनेत सांगितलेली गोष्ट आठवड्यात गावभर झाली आणि ते घर परत कधी प्रार्थनेला बसलं नाही.

माझ्यातल्या शिक्षिकेला नोंदी हव्या होत्या. लिहून ठेवलं नाही तर विसरायला होतं, हे मी ठासून सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, "विसरलात तर पुन्हा जाऊन विचारा. लिहिलंत तर जायची गरज राहत नाही." यावर मला उत्तर सुचलं नाही. शेवटी ठरलं की वहीत घरापुढे भेटीची तारीख तेवढी लिहायची, बाकी काही नाही. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. अगदीच जड असेल तर त्या माणसाला विचारून पाळकसाहेबांच्या कानावर घालायचं.

आठांमध्ये आमचा कीबोर्ड वाजवणारा मुलगाही आहे. बावीस वर्षांचा. काहीजणांना तो लहान वाटला. मी त्याच्या बाजूने बोलले.

शनिवार, 19 एप्रिल

काल उत्तम शुक्रवार, उद्या ईस्टर. मधला हा दिवस दरवर्षी मला रिकामा वाटतो. सकाळी मंदिर झाडून घेतलं. चाकणवाला कालच्या उपासनेला आला होता, सगळ्यांत मागच्या बाकावर, बायको-मुलांसह. प्रभुभोजनाला उठला नाही. मी वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी दार वाजलं. कीबोर्डवाला मुलगा. "सलाम बाई." हातात नवी वही. त्याच्या आठ घरांत माझं घर आलंय, हे मला ठाऊकच नव्हतं. खुर्चीच्या टोकावर बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, "बाई, तुमचं कसं चाललंय? म्हणजे... देवाबरोबर."

महिनाभर 23 घरांत मी हेच विचारत हिंडले होते. बरं चाललंय म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. गॅस पेटवला, पाणी उकळायला लागलं, तरी साखरेचा डबा हातात धरून मी तशीच उभी. पावणेदोन वर्षं झाली मिस्टरांना जाऊन. रोज संध्याकाळी ते मोठ्याने स्तोत्र वाचायचे आणि मी मोठ्याने प्रार्थना करायची. ते गेल्यापासून मी मनातल्या मनात करते. मनातल्या मनात करते असं म्हणते, पण पुष्कळदा ती होतच नाही.

बाहेर येऊन मी त्याला हे सांगितलं. एवढ्याशा पोराला.

तो गडबडला. काही उपदेश केला नाही, बिचाऱ्याला सुचलाही नसेल. टेबलावरचं मिस्टरांचं पवित्र शास्त्र त्याने उचललं, खूणपट्टी होती तिथेच उघडलं आणि विचारलं, "काका इथपर्यंत आले होते का?"

स्तोत्र 71. म्हाताऱ्या माणसाची प्रार्थना आहे ती. त्याने मोठ्याने वाचलं, दोन-तीन ठिकाणी अडखळला. मग दोघंही थांबलो, आणि त्या थांबण्यात माझा आवाज निघाला. घोगरा, चार वाक्यांचा.

जाताना चपला घालून तो पुन्हा आत आला. वही उघडली, माझ्या नावापुढे '19 एप्रिल' लिहिलं आणि म्हणाला, "मे महिन्यात येतो, बाई."