आमची वाटचाल : पानातलं पाणी

सांगलीत आमची वखार उभी राहिली ती बिडीच्या तंबाखूच्या पानावर. कृष्णाकाठच्या काळ्या रानातलं पान घ्यायचं, प्रतवारी करायची आणि निपाणीच्या पेठेत घालायचं, एवढाच व्यवहार. तिथे गिऱ्हाईक समोर उभं असतं. पान चोळतं, हुंगतं, ओल जास्त वाटली तर भावात कापतं आणि विषय मिटतो. परदेशी गिऱ्हाईक कंटेनर उघडणार काही आठवड्यांनी, समुद्रापलीकडे. म्हणून निर्यातीत पडल्यापासून आमचं निम्मं लक्ष पानातल्या पाण्याकडे असतं.

खरेदीपासूनच बघा. जानेवारी-फेब्रुवारीत कापणी होते, पान रानातच उन्हात वाळतं आणि पहाटे दवानं नरम झालं की गोळा करतात. ऊन चढल्यावर हात लावला तर हातात चुराच येतो. शेतकऱ्याचं यात काही चुकत नाही, पण ते दव वखारीपर्यंत येतं आणि काट्यावर बसतं. 18 टक्के ओलाव्याचा 10 टन माल घेतला आणि 12.5 टक्क्यांवर पाठवला, तर भरतो 9,371 किलो. 629 किलो हवेत गेले. ही घट खरेदीच्या भावात आधीच धरायची असते. आम्ही सुरुवातीला ती नफ्यातून भरली.

ओल बघायची पहिली पद्धत हाताचीच. पान मुठीत दाबून सोडायचं. हळूहळू उलगडलं तर बरोबर, गोळा होऊन बसलं तर ओलं, कडकड वाजलं तर कोरडं. पण पत्ती फसवते. वरून सुकलेली वाटते आणि ओल मधल्या शिरेत दडलेली असते. म्हणून शीर देठाकडून वाकवून बघायची. मोडली तर वाळली, नुसती वळली तर अजून थांबायचं. सौद्यासाठी मात्र ओव्हनचाच आकडा धरतो. 10 ग्रॅम नमुना 110 अंशांवर 3 तास ठेवायचा. 8.75 ग्रॅम उरला तर ओलावा साडेबारा टक्के. नमुना थप्पीच्या पोटातून घ्यायचा, कडेचा घेतला तर आकडा हमखास कमी येतो.

ओलावा 14 च्या वर राहिला तर थप्पीचं पोट तापतं, आंबूस वास सुटतो आणि मागोमाग बुरशी धरते. 11 च्या खाली गेला तर भरताना-उतरवताना पान फुटतं आणि पानाच्या भावाचा माल भुकटीच्या भावात जातो. कंटेनरमध्ये आणखी एक भानगड असते. आपल्याकडच्या उन्हात भरलेला डबा थंड समुद्रात शिरला की आतली वाफ छतावर जमते आणि थेंब थेंब वरच्या गाठींवर पडतात. त्यासाठी आतून क्राफ्ट कागद लावतो, ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतो आणि डब्याची लाकडी जमीन ओली असेल तर डबा परत पाठवतो. पॅलेटचं लाकूडही आयएसपीएम-15 या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे, म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं आणि शिक्का असलेलंच लागतं.

पाण्याच्या खालोखाल कीड. तंबाखूचा भुंगा दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी. पानाला बारीक भोकं आणि खाली पीठ दिसलं की तोच. उपाय फॉस्फीन या विषारी वायूच्या धुरीचा. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या 3 ग्रॅमच्या गोळीतून 1 ग्रॅम वायू सुटतो, हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. चुकतं ते दिवस मोजण्यात. जुना मापदंड 20 अंशांच्या वर 200 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे 200 भाग), 4 दिवस. 16 ते 20 अंशांत 300 पीपीएम, 6 दिवस. हे दिवस गोळ्या ठेवल्यापासून नाही, तर थप्पीच्या मधोमध वायू त्या पातळीला पोचल्यापासून मोजायचे. थंडीत गाठीचं पोट बाहेरच्या हवेपेक्षा उशिरा तापतं, म्हणून थर्मामीटरही मधेच खुपसायचा. आता किडीला फॉस्फीन पचायला लागलंय, त्यामुळे कित्येक गिऱ्हाईकं याहून कडक मात्रा मागतात. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायचं. आणि वजनकाट्याचं इलेक्ट्रॉनिक डोकं आधी बाहेर काढायचं, कारण फॉस्फीन तांबं खातो.

नाकारलेला माल पाहिला तर बऱ्याचदा पान चांगलंच असतं, आत सुतळीचा धागा, कोंबडीचं पीस नाहीतर खताच्या पोत्याची प्लास्टिकची पट्टी निघालेली असते. प्लास्टिक जळताना वास येतो आणि यंत्रात एकदा त्याचे तुकडे झाले की वेचता येत नाहीत. जुड्या आम्ही सुती दोऱ्यानं बांधून घेतो आणि निवडणाऱ्या बायकांच्या पाट्यांशेजारी कचऱ्याचा वेगळा डबा ठेवतो. संध्याकाळी त्या डब्याचं वजन होतं. कोणत्या गावच्या मालात काय निघतं ते त्यावरून कळतं.

एक गोष्ट मात्र वखारीत दुरुस्त होत नाही, ती क्लोराईड. वाळवा, पलूस, मिरज भागात पाटाच्या पाण्यानं क्षारपड झालेली रानं आहेत. तिथलं पान जाड, दिसायला झकास, पण क्लोराईड 2 टक्क्यांच्या पुढे गेलं की पेटत नाही, विझतं. शिवाय ते हवेतली ओल ओढतं, म्हणजे फिरून आपण पाण्यावरच आलो. पोटॅश द्यायचं तर सल्फेटचं द्या, म्युरेट, म्हणजे क्लोराईडचं, नको, हे लावणीआधीच सांगावं लागतं. म्युरेट स्वस्त पडतं, त्यामुळे सगळे ऐकत नाहीत. अशा रानाचं पान आम्ही निर्यातीला घेत नाही.

कागदपत्रं ठरलेली. गुंटूरच्या टोबॅको बोर्डाची निर्यातदार नोंदणी, माल कीड-रोगमुक्त असल्याचा फायटोसॅनिटरी दाखला, धुरीचा म्हणजे फ्युमिगेशनचा दाखला, आणि कर न भरता निर्यात करण्यासाठी जीएसटीचं हमीपत्र, एलयूटी. जकातीचा कोड नीट घालायचा : शिरेसकट पान 2401.10, शीर काढलेलं 2401.20, चुरा-काडी 2401.30. एलसीत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेच्या हमीपत्रात, मालाचं वर्णन जसं आहे तसंच इनव्हॉइसवर उतरवायचं. प्रवासात पान पाणी सोडतं, तेव्हा वजन कुठलं धरायचं, जहाजावर चढताना की उतरताना, आणि कोणत्या ओलाव्याला, हे करारातच लिहून घ्यायचं. तसं लिहिलं नाही, तर 12.5 चा माल 11 वर उतरला की 19,800 किलोंचे 19,466 भरतात आणि 334 किलोंचं भांडण लागतं.

‘सिगारेट का नाही करत?’ असं विचारणारे भेटतात. त्याला केंद्राचा औद्योगिक परवाना लागतो. शिवाय तंबाखूच्या मालावरच्या 2003 च्या कायद्यातून निर्यातीचा माल वगळला असला, तरी घेणाऱ्या देशाचा कायदा आरोग्याचा इशारा मागत असेल तर तो पाकिटावर हवाच. म्हणजे देश बदलला की पाकीट बदललं. पानाच्या गाठीवर एवढंच लिहावं लागतं : प्रत, हंगाम, लॉट नंबर, निव्वळ वजन. पाचवा आकडा आम्ही आमच्यापुरता खडूनं घालतो, भरतानाचा ओलावा.