आमची वाटचाल: पाहुण्यांचं वाय-फाय, गल्ल्यापासून लांब

मालवण, तारकर्ली, देवबाग पट्ट्यातल्या खानावळी आणि निवास-न्याहारीची घरं, हेच आमचं गिऱ्हाईक. धंद्याची सुरुवात कॅमेरे बसवणं आणि केबल ओढणं यातून झाली. वाय-फाय मागाहून आलं, आणि मालकांची मागणी सगळीकडे सारखीच: "पावण्यांक पासवर्ड देवया, पण बिलाचो कॉम्प्युटर तेंका दिसता नये."

पहिल्या कामांत आम्ही फायबरच्या राऊटरमागे दुसरा स्वस्त राऊटर जोडून तो पाहुण्यांना द्यायचो. नावं दोन, पासवर्ड दोन, म्हणून जाळीही दोन आहेत असं वाटतं. तसं नसतं. राऊटर बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो, आतून बाहेर जाणाऱ्याला नाही. मागच्या राऊटरवरचा पाहुणा इंटरनेटकडे निघतो तो मालकाच्या जाळ्यातूनच. वाटेत त्याने डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या पेटीचा) पत्ता टाकला तर लॉगिनचं पान उघडतं, आणि पासवर्ड बरेचदा कारखान्यातून आला तसाच असतो. दोनच राऊटर असतील तर उलटं करावं: पाहुणे पुढच्यावर, बिलिंग, प्रिंटर आणि डीव्हीआर मागच्याच्या आत. पुढचा १९२.१६८.१ वर असेल तर मागचा १९२.१६८.१० वर ठेवायचा, नाहीतर पत्ते भिडतात. पुढच्या राऊटरचं ॲडमिन पान पाहुण्यांना दिसणारच, म्हणून तो पासवर्ड आधी बदलायचा आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिन वापरून पासवर्डाविना जोडणी) बंद करायचं.

आता बजेट असेल तिथे आम्ही व्हीलॅनच (त्याच तारांवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली जाळी) करतो: १० कामाचं, २० कॅमेऱ्यांचं, ३० पाहुण्यांचं. ३० वरून फक्त इंटरनेट, बाकी सगळे खाजगी पत्ते बंद. इथे हमखास होणारी चूक म्हणजे राऊटरचा स्वतःचा पत्ताही सरसकट बंद करणं. मग डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) मिळत नाही आणि फोन "कनेक्टेड, इंटरनेट नाही" म्हणतो. पोर्ट ५३ (डीएनएस) आणि ६७ (फोनला पत्ता देणारं डीएचसीपी) तेवढे उघडे ठेवायचे. दुसरं, ॲक्सेस पॉइंटमधलं (वाय-फाय पसरवणाऱ्या डब्यातलं) 'क्लायंट आयसोलेशन', म्हणजे फोनांना एकमेकांपासून तोडणं, त्याच पॉइंटवरच्या फोनांपुरतं असतं. दोन पॉइंट असतील तर स्विचवरही पोर्ट वेगळे करावे लागतात. काम संपलं की पाहुण्यांच्या जाळ्यात फोन जोडून स्कॅन करायचं. राऊटरखेरीज काही दिसलं तर काम झालेलं नाही.

सुट्टीच्या हंगामात वाय-फाय "चालत नाही" ते बहुतेक पत्ते संपल्यामुळे. राऊटर बरेचदा १०० पत्तेच देतो, आणि लीज (पत्ता राखून ठेवायची मुदत) २४ तासांची असते. जेवून गेलेल्या माणसाचा पत्ता दुसऱ्या दिवशीपर्यंत अडून राहतो. लीज २ तासांवर आणली की प्रश्न मिटतो. वेग माणशी ५ एमबीपीएस पुरतो, पण अपलोडलाही मर्यादा घालाच. किनाऱ्यावरचे व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढू लागले की गल्ल्यावरचा यूपीआय गोल गोल फिरत बसतो.

मॅक ॲड्रेसवर (प्रत्येक फोनच्या वाय-फायच्या ओळख क्रमांकावर) बंदी घालण्याचा नाद आम्ही सोडला. ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन बनावट मॅक देतात. डब्ल्यूपीए२ किंवा ३ (वाय-फायचं कुलूप), दर महिन्याला नवा पासवर्ड आणि टेबलावर क्यूआर, एवढं बास.

आमच्याकडे खरा शत्रू जांभा. जाड चिऱ्याच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ जवळपास मरतो, आणि पावसाळ्यात चिरा पाणी प्यायला की २.४ पण लंगडतो. ओटीवर एकच दणकट राऊटर लावण्यापेक्षा दोन खोल्यांमागे एक छोटा पॉइंट पडवीत लावावा, २० मेगाहर्ट्झ रुंदीवर, चॅनल १, ६, ११ आलटून पालटून, पॉवर कमी. केबल १०० मीटरच्या आत.

खारा वारा कनेक्टरच्या पिना हिरव्या करतो, मग लिंक १००० एमबीपीएसवरून १०० वर उतरते. बाहेरच्या केबलला डब्यात शिरण्याआधी खाली झोळ ठेवायचा म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. घरापासून माडातल्या खोपीपर्यंत तांब्याची केबल नको, फायबर न्यावं: मे अखेरीस आणि परतीच्या पावसात वीज जवळपास पडली की तांबं दोन्ही टोकांचे स्विच घेऊन जातं.