जीबीएसच्या रक्तात सायटोकाइन मोजताना: माझा अनुभव

जानेवारी २०२५मधल्या पुण्याच्या साथीपासून गुलेन-बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव घरोघरी पोचलं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते आणि हातापायांतली ताकद जाते. नागपुरात या रुग्णांच्या रक्तातले सायटोकाइन, म्हणजे प्रतिकारपेशी सोडतात ती प्रथिनं, मोजताना एक गोष्ट पक्की कळली. आकडा एलायझाच्या, म्हणजे रंगावरून प्रथिन मोजणाऱ्या चाचणीच्या, मशीनवर क्वचितच बिघडतो. तो बिघडतो वॉर्डात, सुई टोचल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात.

कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जुलाबाच्या जंतूच्या आवरणावरची साखर आणि आपल्या नसांवरचं जीएम-१ गँग्लिओसाइड (साखर जोडलेला स्निग्ध पदार्थ) यांचा तोंडवळा सारखा असतो. जंतूसाठी तयार झालेल्या अँटिबॉडी नसेवर जाऊन बसतात. सायटोकाइन हे या भांडणातले निरोपे. टीएनएफ-अल्फा रक्त आणि नस यांच्यामधला अडसर सैल करतो, इंटरफेरॉन-गॅमा मॅक्रोफेज या भक्षक पेशींना चेतवतो आणि त्या नसेवरचं मायलिनचं आवरण सोलतात. आयएल-१० भडका आवरतो. पण टीएनएफ वाईट म्हणून त्याला रोखलं की काम फत्ते, असं नाही. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी औषधं घेणाऱ्या काही जणांना उलट जीबीएससारखाच आजार झालेला आहे. म्हणून मी टीएनएफ एकटा मोजत नाही, आयएल-१० सोबत हवाच.

रक्त घ्यायचं ते आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी शिरेतून देण्याचा उपचार, सुरू होण्याआधी. रोज किलोमागे ०.४ ग्रॅम, पाच दिवस, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला २४ ग्रॅम परक्या अँटिबॉडी जातात. त्यात सायटोकाइनला चिकटणाऱ्याही काही असतात. नंतरचा आकडा कोणाचा, हे मग सांगता येत नाही. पण नमुन्यासाठी उपचार पाच मिनिटंही थांबवू नयेत. सलाइनची सुई लावतानाच, थेंब सुरू होण्याआधी, ५ मिलि काढून घ्यावं.

संमतीपत्राला वेळ लागतो, आणि कारण वेगळंच असतं. शिकलेला माणूस पेन धरतो आणि ते बोटांतून निसटतं. अशा वेळी अंगठा घ्यावा, निष्पक्ष साक्षीदाराची सही घ्यावी आणि हातात ताकद नसल्याची नोंद करावी.

जांभळ्या बुचाची ईडीटीए ट्यूब घ्या, तिच्यात रक्त गोठत नाही. साध्या ट्यूबमध्ये रक्त गोठताना प्लेटलेट आपल्याजवळचा टीजीएफ-बीटा हा सायटोकाइन ओततात आणि तो आजाराच्या खात्यात जमा होतो. ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करा, झटकू नका. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, बर्फाशिवाय नमुना नेणं म्हणजे पांढऱ्या पेशींना उबदार घर देणं, त्या ट्यूबमध्येच नवे सायटोकाइन सोडत बसतात. मात्र डीप फ्रीझरमधला जेल पॅक ट्यूबला थेट चिकटवला, तर कडेचं रक्त गोठून लाल पेशी फुटतात. मध्ये कापडाची घडी हवी. प्लाझ्मा गुलाबी दिसला की तो नमुना बाद.

अर्ध्या तासाच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर, १००० जीने (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोराने) १५ मिनिटं फिरवा. १० सेंमी त्रिज्येच्या रोटरला हे साधारण ३००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे, पडतं. दुसऱ्याच्या सेंट्रिफ्यूजचा आरपीएम आंधळेपणाने उचलू नये. वरचा प्लाझ्मा घेताना पांढऱ्या पेशींच्या थराच्या थोडं वर थांबा. २०० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८०ला ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा.

आता एलायझा. किटमधलं 'रूम टेंपरेचर' म्हणजे २० ते २५ अंश, मे महिन्यातलं नागपूर नव्हे. एसी बंद पडला म्हणून कूलर लावला, तर वाऱ्याने प्लेटच्या कडेच्या वेल (नमुन्याच्या खळग्या) आधी सुकतात आणि तिथले आकडे चढे येतात. प्लेटवर चिकट फिल्म लावा आणि कूलरची दिशा बदला. स्टँडर्ड, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाचं द्रावण, मिलिमागे ५००पासून निम्मं-निम्मं करत ७.८ पिकोग्रॅमपर्यंत, सात पायऱ्या, प्रत्येक पायरीला नवी टिप. टीएमबी या रंग देणाऱ्या रसायनाचा निळा रंग उन्हाळ्यात भराभर चढतो. घड्याळापेक्षा ब्लँक, म्हणजे नमुना नसलेल्या, वेलकडे बघा, ती निळसर व्हायच्या आत ॲसिड घाला. रंगच आला नाही तर वॉश बफरची बाटली तपासा. टिकावा म्हणून कुणी त्यात अझाइड घातलेलं असतं आणि अझाइड रंग आणणाऱ्या एचआरपी या एन्झाइमला मारतं.

आकडा फारच मोठा आला, तर आनंदाआधी नमुना दुप्पट आणि चौपट पातळ करून पुन्हा चालवा. खरा सायटोकाइन त्याच प्रमाणात उतरतो. रुमेटॉइड फॅक्टरने (रुग्णाच्या रक्तातली, दुसऱ्या अँटिबॉडींना चिकटणारी अँटिबॉडी) किटच्या दोन अँटिबॉडींमध्ये बांधलेला खोटा पूल असेल, तर हिशेब जुळत नाही. स्टँडर्डच्या वक्राच्या खाली गेलेल्या नमुन्यापुढे शून्य लिहू नये, 'मोजण्याच्या मर्यादेखाली' असं लिहावं.

नातेवाईक विचारतात, "रिपोर्टात काय आलं?" हा आकडा मी उपचाराच्या फाइलला लावत नाही, कारण त्यावरून कोणताही डोस ठरत नाही. तिथे श्वास मोजणाऱ्या स्पायरोमीटरचा आकडा लागतो. श्वासाची क्षमता किलोमागे २० मिलिच्या खाली आली की रुग्णाला आयसीयूत हलवायचं.