मखमल धूळ धरते

दिवाळीआधी घरातले पडदे बदलायचं ठरलं आणि एका दुपारी लेकीबरोबर मी पडद्यांच्या दुकानात जाऊन बसलो. बसलो एवढंच. निवड तिची आणि तिच्या आईची. आई घरी होती, तिला दर दोन मिनिटांनी मोबाईलवर फोटो जात होते. दुकानदार एकेक कापड काउंटरवर उलगडत होता. बिस्किट, त्याहून फिकं बिस्किट, चहात बुडवून काढलेलं बिस्किट. त्या ढिगाच्या तळाशी मला एक मरून कड दिसली. ओढून काढली तर मखमल. अंगठा उलटा फिरवला की काळपट, सुलटा फिरवला की पुन्हा लाल. कितीतरी वर्षांनी हाताला लागली.

"ही बघ," मी म्हणालो.

"बाबा, हॉल आहे आपला. थिएटर नाहीये."

दुकानदार हसला. "काका, मखमल आता कुणी नेत नाही. धूळ धरते."

मला धुळीचं काय सांगतो हा! पुण्यातल्या एका नाट्यगृहात (नाव कशाला घ्या) मी पहिल्या रांगेत बसून ती खाल्लेली आहे. शेवटचा प्रवेश, नायिका गतप्राण, नायक तिच्या उशाशी, मागं सनई, आणि पडदा पडला. त्याबरोबर कैक महिन्यांच्या धुळीचा भपकारा आमच्या रांगेवर आला. चार-पाच जण एका सुरात शिंकले. शेजारच्या बाईंनी पदरानं डोळे पुसले; ते नायिकेसाठी की धुळीमुळं, हे त्यांचं त्यांना माहीत.

पण खरं सांगायचं तर त्या शिंकेसकट मला तो पडदा हवा असतो. पडदा उघडायच्या आधी मी आत पाहिजे. नाटक सुमार निघालं तर चालेल, खुर्ची मोडकी मिळाली तरी चालेल, पण पडदा उघडताना मी जागेवर नसलो तर पुढचे दोन-तीन तास मला उधारीवर बसल्यासारखं वाटतं.

हा रोग आत्तीचा. कोल्हापुरात आम्ही तिच्या घराजवळच राहायचो. नाटकाला जायचा दिवस असला की तिच्या घरातली घड्याळं सकाळपासूनच अर्धा तास पुढं जायची. "उशिरा नाटकाला जायचं म्हंजे अक्षता पडल्यावर लग्नाला जायचं," हे तिचं वाक्य. जेवायला मिळेल, पण तोंड दाखवायला लाज वाटेल. मग आम्ही इतके लवकर पोचायचो की दारावरचा माणूससुद्धा अजून आलेला नसायचा.

जायचो ते केशवराव भोसले नाट्यगृहात. आत्ती मात्र त्याला शेवटपर्यंत पॅलेस थेटरच म्हणायची. शाहू महाराजांनी ते 1915 मध्ये उभं केलं तेव्हाचं नाव ते. अगदी खेटून खासबागेचं कुस्तीचं मैदान, तेही महाराजांचंच. भिंतीच्या अल्याड नाट्यगीत, पल्याड कुस्ती. बाहेरगावचे पाहुणे याचं नवल करायचे. आम्हाला कधी वाटलं नाही. दोन्हीकडं वन्स मोअर मिळतो, एवढंच.

आत जाऊन बसलं की समोर पडदा. वाचायला काही नाही, बघायला काही नाही, नुसता पडदा. तरी तो अर्धा तास मला कधी लांब वाटला नाही, कारण पडदा गप्प बसत नाही. मध्येच फुगतो, मग ढेंगभर आत ओढला जातो. कुणाचा तरी खांदा आतून घासत जातो आणि बाहेर एक उंचवटा डावीकडून उजवीकडं पळतो. खालच्या फटीतून पाय दिसतात. खिळे ठोकणाऱ्याच्या चपला, एखादी घुंगरांची पावलं, ढकलत नेलेला कोच. मधोमध दोन पाखं मिळतात तिथं चिरीतून एक डोळा बाहेर बघतो. तो डोळा माणसं मोजत असतो हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं तो मला बघतोय.

मग पहिली घंटा. दुसरी. आतून नारळ फोडल्याचा आवाज, पाठोपाठ धुपाचा वास फटीतून आमच्या पायांपर्यंत येणार. आत्ती पिशवीचं तोंड बंद करून पाय नीट जुळवून बसायची, देवासमोर बसल्यासारखी. तिसरी घंटा. दिवे हळूहळू उतरायचे, आणि त्या उतरत्या उजेडात मरून रंग काळा होत जायचा. अंगठा उलटा फिरवल्यासारखा.

एकदा मी या सगळ्याची माती केली. मध्यंतरात आत्ती बाहेर बायकांशी बोलत होती. मी स्टेजपाशी गेलो, टाचा उंचावल्या आणि पडद्याचा कोपरा उचलून आत डोकं घातलं. समोर हातभर अंतरावर महाराज! मघाशी दरबार दणाणून सोडणारे. ते एका पालथ्या खोक्यावर बसले होते, मुकुट मांडीवर, आणि बशीतून चहा पीत होते. मिशी भिजू नये म्हणून डाव्या हाताच्या दोन बोटांनी ती वर धरलेली. मागं एकजण राजवाड्याचा खांब काखेत मारून चालला होता. महाराजांनी बशी खाली घेतली, माझ्याकडं बघितलं आणि अगदी घरच्या आवाजात म्हणाले, "बाळ, पडदा सोड. वारं येतंय."

तिसऱ्या अंकात त्यांचा तरुण मुलगा रणात पडला. अख्खं थेटर रडत होतं. आत्तीचा हुंदका आवरेना. मी तिच्या कानाशी लागून सांगितलं, "आत्ती, त्यांनी आत्ताच च्या पिलाय." तिनं रडता रडताच असा चिमटा काढला की शेवटी मीही रडलो.

टॉकीजचा पडदा निराळा. तो मखमली कमी आणि सॅटिनचा जास्त, झालरीझालरीचा, नवरीच्या बस्त्यातून पळवून आणल्यासारखा. खालून लाल, हिरवे, निळे दिवे त्यावर खेळायचे, वरून कुठल्यातरी वाद्यमेळ्याची रेकॉर्ड, आणि तो चुण्या गोळा करत वर जाऊ लागला की खालच्या वर्गातून शिट्ट्या. अजून काही लागलेलंसुद्धा नसायचं. शिट्ट्या पडद्यालाच.

ऑपरेटर बहुधा घाईत असायचा. पडदा पुरता उघडायच्या आतच सेन्सॉरचं प्रमाणपत्र यायचं आणि त्या चुण्यांवर पडायचं. अक्षरं लाटांवर बसल्यासारखी हलायची, मग एकेक चुणी वर गेली की सरळ व्हायची. सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी: रिळं किती? सोळा दिसली की थेटरभर समाधानाचा हुंकार. बारा दिसली की मागून कुणीतरी ओरडणार, "पैसे परत द्या गा!" सिनेमा चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा. आधी माप.

दारांनासुद्धा पडदे होते, जाड, काळपट, हाताला तेलकट. भर उन्हातून बाराच्या खेळाला आत शिरलं की त्या पडद्याशी काही क्षण आंधळी कुस्ती चालायची. बाहेरची बाजू कुठली, आतली कुठली, हे कळायच्या आत आपण त्यात गुंडाळले गेलेलो. आणि आपल्यामुळं उन्हाची एक पट्टी हिरोच्या तोंडावर पडलेली. "ए, पडदाऽऽ!" असं सगळं थेटर एका आवाजात ओरडायचं. ती ओरड मी खाल्लीही आहे आणि दिलीही आहे. देताना जास्त मजा येते.

एका टॉकीजमध्ये (हेही नाव सांगत नाही, मालकांची नातवंडं ओळखीची आहेत) पडदा निम्म्यावर अडकला. डावी बाजू उघडी, उजवी बंद. नायिका मोकळी दिसत होती, तिच्याशी बोलणारा नायक मात्र झालरींवर पसरलेला, त्याचं नाक एका चुणीत आणि मिशी दुसरीत. लोकांनी आधी शिव्या दिल्या, मग हसू लागले, मग बघू लागले. दहा मिनिटांनी डोअरकीपर शिडी घेऊन आला आणि त्यानं दोरी मोकळी केली, तेव्हा काहीजण खरोखरच नाराज झाले. मी त्यातला एक.

रुपेरी पडदा म्हणतो आपण, आणि त्याच्यावर घालतो त्यालाही पडदाच. पडद्यावर पडदा. आमच्या गावाला हे सोयीचंच आहे. गायक नट केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श या नाटक मंडळीसाठी नाटकाचे पडदे रंगवायचे ते आनंदराव आणि बाबुराव मेस्त्री हे नात्यातले भाऊ. त्या काळी नाटक कंपनीची ऐपत पडद्यांवरून कळायची: रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा, महालाचा पडदा. पुढं आनंदराव वारले, आणि रंगवण्यावरून ज्यांना लोक पेंटर म्हणू लागले त्या बाबुरावांनी कॅमेराही कोल्हापुरातच जुळवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि 1920 मध्ये त्यांचा पहिला सिनेमा पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. ज्यानं आयुष्याची सुरुवात पडदे रंगवण्यात घालवली त्याला शेवटी कोरा पांढरा पडदा मिळाला, याचा मला कधीकधी मत्सर वाटतो. का, ते मात्र धड सांगता येणार नाही. मी कारकुनी केली.

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस 1993 ला बंद पडलं आणि 2016 ला पुन्हा उघडलं, तेव्हा मी मुद्दाम गाडी पकडून गेलो. सगळे माना वर करून घुमट बघत होते, बॉक्सचे फोटो काढत होते. मी समोर बघत बसलो. 23 वर्षं कुणी न उघडलेल्या रंगमंचाकडं बघायलाही एक वेगळी सवय लागते. नंतर लेकीनं विचारलं, घुमट कसा होता? मला आठवेना.

मल्टिप्लेक्समध्ये माझी पंचाईत होते. तिथं पडदा उघडाच असतो. आपण जातो तेव्हा त्याच्यावर कुणीतरी टूथपेस्ट विकत असतं, मग सिमेंट, मग बनियन, आणि त्यातच कधीतरी सिनेमा सुरू झालेला असतो. मी यावर माझ्यापुरता तोडगा काढलाय. प्रमाणपत्र येईपर्यंत मी समोर बघतच नाही. मांडीवरच्या पॉपकॉर्नकडं बघतो, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतो. लेक म्हणते, बाबा, तुला डुलकी लागते. लागू दे म्हणतो. प्रमाणपत्रावर आता रिळंही मोजता येत नाहीत.

प्रायोगिक नाटकवाल्यांचंही तेच. पुण्याच्या सुदर्शन रंगमंचला गेलं तर पुष्कळदा पडदाच नसतो. आपण आत शिरतो तेव्हा नेपथ्य उघडं, कधीकधी नटही आधीच येऊन पाठमोरा बसलेला. नाटकं चांगली असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला कुणाच्या घरी न विचारता शिरल्यासारखं होतं. चपला बाहेर काढायच्या होत्या का, असं वाटत राहतं.

तर दुकानात शेवटी बिस्किट ठरलं. मधलं बिस्किट, वर गोल कड्यांचं. मी मरून तुकडा घडी करून परत ढिगात सारला आणि एकदम 8 ऑगस्ट 2024 ची रात्र आठवली. मी पुण्यात होतो. गावाकडच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, मग दुसरा, मग येतच राहिले. अंधारात एक इमारत पेटलेली आणि ती कुठली हे खाली लिहायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती.

मी दादाला, आत्तीच्या मुलाला, फोन लावला. तो खासबागेच्या बाजूला रस्त्यावर उभा होता. अग्निशमनच्या गाड्यांचा आवाज येत होता, माणसांचा गलका येत होता, आणि मधूनच लाकूड तडकल्याचा. तो काही बोलेना. मीही बोलेना. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं,

"दादा, पडदा?"

"पडदा कुठला ऱ्हातोय, बाळ्या," तो म्हणाला. साठी उलटलेला माणूस, पण रडत होता. आत्ती नाही हे बरं झालं, असं आम्हा दोघांच्याही मनात आलं असणार. कुणी बोललं नाही.

आता ते पुन्हा उभं करतायत. पडद्याचं कापड कोण निवडणार आहे कुणास ठाऊक. बिस्किट नसलं म्हणजे झालं.